गुऱ्हाळाचं इंजिन आणि नाना वाघमारे

नाना वाघमारे 'भंगार' हा शब्द तीन दिवस उच्चारत नसत. मोडका, गंजका, जळका कुठलाही भाग त्यांच्यापुढे आणून टाका आणि विचारा, "नाना, होईल का याचं काही?" ते चष्मा कपाळावर चढवत, वस्तू डोळ्यांजवळ नेत, एकदा तिच्यावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "तीन दिस ऱ्हाऊ द्या." मग ती वस्तू त्यांच्या बाकड्याखाली जाई. चौथ्या दिवशी ते जे सांगत, ते मात्र पक्कं. साहेब आला तरी त्यात बदल नाही.

मी पिंपरीच्या कारखान्यात लागलो ते पासष्ट साली. पुण्यातून नुकताच डिप्लोमा घेतलेला, इन्स्पेक्शन खात्यात. पांढरा कोट, खिशात मायक्रोमीटर, आणि जगात जे काही आहे ते मोजता येतं असा ठाम समज. नाना मेंटेनन्सला फिटर होते. चाळिशीचे असतील. मूळचे करमाळा तालुक्यातले, पुण्याच्या गॅरेजांमध्ये दहा-बारा वर्षं काढून इकडे आलेले. इतकंच त्यांनी स्वतःबद्दल आपण होऊन सांगितलं. बाकीचं मला हळूहळू कळत गेलं.

आमची ओळख भांडणातून झाली. एका पंपासाठी नानांनी लेथवर पितळेचे बुश, म्हणजे आसाभोवती बसणाऱ्या आखूड नळ्या, काढून घेतले होते. मी मोजले तर भोक मोठं. पाचही बुशांवर मी लाल खूण केली. नाना आले, एक बुश उचलून मुठीत धरला आणि तसेच उभे राहिले.

"ह्ये कवा मोजलंत?"

"आत्ताच. आल्याबरोबर."

"चा पिऊन या, इन्स्पेक्टर. मग परत मोजा."

मला राग आला. पण चहाची वेळ झालीच होती. परत येऊन मोजलं तर पाचही बुश मापात. लेथवरून ते गरम, फुगलेले आले होते, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी लाल खुणा पुसायला लागलो, तर नानांनी स्वतःच्या फडक्याने त्या पुसल्या आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तुमचा कोट खराब हुईल." ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. ज्यांनी सांगितली असती अशी किमान दहा माणसं त्या शॉपमध्ये होती.

त्या दिवसापासून ते मला 'इन्स्पेक्टर' म्हणत. नाव कधी घेतलं नाही. त्यात टोमणा नसे. मला वाटतं, ते पद आहे तर माणसाने ते नीट सांभाळावं, एवढंच त्यांना म्हणायचं असे.

नानांचे हात हा एक वेगळाच विषय होता. पाळी संपली की बाकीचे लोक रॉकेलने हात पुसून गेटकडे धावत. नाना आधी लाकडाच्या भुशाने हात चोळत, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. नखं काडीने साफ करत. त्यानंतरच पिशवीतलं वर्तमानपत्र बाहेर निघे. धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी ते वाचायला शिकले होते, वयाच्या तिशीत, पहिलीच्या पुस्तकापासून. त्यामुळे छापील कागदाला तेलाचा डाग लागलेला त्यांना चालत नसे. वाचत मात्र मोठ्यांदा. ओळीखाली बोट धरून. बातमी पटली नाही की थांबत आणि तेच वाक्य पुन्हा वाचत, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर ते सुधारेल.

बोलणं कमी. तंबाखू नाही, विडी नाही. दाढेत एक लवंग असे. कुणी घाई करू लागलं की म्हणत, "घाई तुमाला हाय. लोखंडाला न्हाई." एकदा वर्क्स मॅनेजरलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. मॅनेजर, म्हणजे आमच्या कारखान्याचे सर्वेसर्वा, तापट म्हणून प्रसिद्ध. त्या दिवशी मात्र ते हसले आणि निघून गेले. आम्ही सगळे पुन्हा कामाला लागलो.

तीन दिवसांच्या नेमामागचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आम्ही दोघे त्यांच्या घरी चहा पीत होतो. चिंचवडला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. त्यांच्या पत्नी गयाबाई कमी साखरेचा, भरपूर आल्याचा चहा करत. मी सहज विचारलं, "तीनच दिवस का हो, नाना?" नानांनी चहाचा आणखी एक घोट घेतला. गयाबाईच म्हणाल्या, "सांगा की. इन्स्पेक्टर काय परके हायत?"

पुण्याच्या गॅरेजात असताना एका ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक त्यांच्याकडे आला होता. मालकाला घाई. नानांनी वरवर बघून "चालंल" म्हणून सांगितलं. आतल्या बाजूला, पाणी फिरतं त्या पोकळीत बारीक भेग होती. घाट चढताना इंजिन तापलं, ड्रायव्हरने उतरून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी त्याच्या तोंडावर उडालं. एक डोळा गेला.

"तेनं मला कदी शिवी दिली न्हाई," नाना म्हणाले. "दवाखान्यात गेलो तर म्हणला, मिस्त्री, तुमचा काय दोष, नशीब माझं. नशीब कसलं? मी एक दिस थांबलो असतो तर ती भेग मला दिसली असती. एकच दिस." मग कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणून मी तीन घेतो."

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळाचं दुसरं वर्ष. मोशीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे, एका माळावर पंचवीस-तीस घरांची वस्ती होती. नानांची धाकटी बहीण मुक्ताबाई तिथे दिलेली. वस्तीची विहीर खोल, पायऱ्यांची. पाणी तळाला गेलेलं. बायका साठ-सत्तर पायऱ्या उतरून घागरी भरत आणि तशाच वर येत. चैत्रात मुक्ताबाईची सासू पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं आणि म्हातारी अंथरुणाला खिळली. त्यानंतर दोनच आठवड्यांत पाच महिन्यांची गरोदर असलेली एक बाई पडली. ती वाचली, पण पोटातलं गेलं.

मुक्ताबाई चालत भावाकडे आली. म्हणाली, "दादा, तू एवढी मशिनी नीट करतूस. आमाला पानी वर काडून दे."

वस्तीशेजारच्या गावात आबा नावाचे एक बागाईतदार होते. त्यांचं जुनं गुऱ्हाळ बंद पडून सात-आठ वर्षं झाली होती. उसाचा चरक फिरवायला तिथे दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. गुऱ्हाळाचं छप्पर उडालं, आणि इंजिन तेव्हापासून उघड्यावर. नाना आबांकडे गेले. आबा भला माणूस. म्हणाले, "न्या की. पन ती आता माती झालीया, मिस्त्री. काय व्हायचं न्हाई तेचं."

नानांनी मॅनेजरना विचारलं. सुट्टीच्या दिवशी, सिलिंडर आतून कोरायला, कारखान्याचं बोअरिंग मशिन वापरू द्याल का? मॅनेजर म्हणाले, "इन्स्पेक्शनने लिहून दिलं की दुरुस्त होण्याजोगं आहे, तर वापरा. उगाच फुटक्या ब्लॉकवर माझं मशिन अडकवू नका." बोलणं रास्त होतं. अशा रीतीने ते इंजिन माझ्या पेनाखाली आलं.

रविवारी मी आणि नाना सायकलींवरून गेलो. इंजिन बघून मला काही आशा वाटली नाही. गंजाचे पापुद्रे हाताबरोबर निघून येत होते. पिस्टन जागच्या जागी जाम. पाण्याच्या नळीच्या तोंडात मुंग्यांचं वारूळ. आणि ब्लॉकच्या कडेला, वरून खालपर्यंत, एक लांब काळी रेघ. मी नख लावून पाहिलं. नख अडकलं.

"नाना, ही भेग आहे. वीतभर आहे. पाण्यावाचून तापून फुटलंय हे."

नानांनी चष्मा वर केला. रेघेवरून अंगठा फिरवला. लहान हातोडीने ब्लॉकवर चार ठिकाणी टकटक केलं आणि मान कलती करून ऐकत राहिले.

"तीन दिस ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

मी थांबलो नाही. सोमवारी मॅनेजरनी विचारलं आणि मी लिहून दिलं: ब्लॉकला उभी भेग आहे, भंगारात टाकावा. खाली सही. मला वाटलं, मी माझं काम केलं. नानांना खोटी आशा लावण्यापेक्षा हे बरं.

नानांना हे त्याच दिवशी कळलं. दुपारी हात धुतले, वर्तमानपत्र वाचलं. फक्त त्या दिवशी मोठ्यांदा वाचलं नाही. ते मला फार लागलं.

पुढचे तीन आठवडे पहिली पाळी सुटली की ते सायकल घेऊन थेट वस्तीवर जात. जाऊन-येऊन वीसेक मैल. काय करतात हे मला दुसऱ्यांकडून कळे. दोन्ही सिलिंडरमध्ये रॉकेल भरून ठेवलंय. रोज लाकडाचा ठोकळा ठेवून वरून हलका ठोका देतात, दहा वेळा, जास्त नाही. बाकीचा दिवस मुक्ताबाई रॉकेल वरपर्यंत आहे का बघते. अकराव्या दिवशी पहिला पिस्टन केसभर हलला, तेव्हा म्हणे नाना जमिनीवर बसले आणि मुक्ताबाईकडे पाणी मागितलं. तिने अर्धा तांब्या दिला, कारण घरात तेवढंच होतं. त्यांनी एक घोट घेतला आणि तांब्या परत केला.

पिस्टन निघाल्यावर त्यांनी ब्लॉक काकवीत टाकला. हे ऐकून कारखान्यात खूप हसले लोक. गुऱ्हाळाच्या मागे खराब झालेल्या काकवीचे डबे पडून होते. जनावरंही तोंड लावत नव्हती. खारट डबक्यातल्या निरुपयोगी पाण्यात ती काकवी कालवून नानांनी रसाचा जुना हौद भरला, बांबू आणि साखळी लावून चार गड्यांनी ब्लॉक त्यात सोडला, आणि वरून पोती घातली. पुण्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून ते हे शिकले होते. काकवी गंज खाते, लोखंड खात नाही.

मग एका शनिवारी ते माझ्या टेबलाशी आले.

"उद्या मोकळं हायसा का?"

"आहे."

"माप घिऊन या. खडू माझ्याकडं हाय."

वस्तीवर गेलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. ब्लॉक हौदाबाहेर काढून, धुऊन, लाकडी ओंडक्यांवर ठेवला होता. मी ओळखलाच नाही. करड्या रंगाचं स्वच्छ बीडाचं लोखंड, जसं ओतून आलं असेल तसं. इंजिन बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाची उठावदार अक्षरंसुद्धा वर आली होती. आणि कडेची ती रेघ तशीच होती. वरून खालपर्यंत. एका बाजूला वाटत होतं, मी बरोबर होतो. आणि मी बरोबर असावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

नानांनी पाण्याच्या पोकळीची सगळी भोकं लाकडी बुचांनी बंद केली आणि आत रॉकेल ओतलं. बाहेरून रेघेवर आणि ब्लॉकच्या सगळ्या बाजूंना खडूची भुकटी भिजवून पांढरा लेप दिला. तो वाळला.

"आता बसा," ते म्हणाले. "भेग असंल तर राकेल भाईर येतंय. खडू खोटं बोलत न्हाई."

आम्ही बसलो. आबाही येऊन बसले. वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या राहिल्या. मी घड्याळ बघत होतो. पंधरा मिनिटं. अर्धा तास. पांढऱ्या लेपावर डाग नाही. पाऊण तास. तासाभराने नानांनी मला पुढे बोलावलं. रेघ कोरडी होती, पांढरीफटक.

"ही साच्याची रेघ हाय, इन्स्पेक्टर. वतकामात दोन पाट जोडत्यात, तितली. गंज तितं जास्ती धरतो. म्हणून तुमचं नख अडाकलं."

मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं. नाना हसले नाहीत. त्यांनी माझा दंड धरून मला ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूला नेलं. तिथे वरच्या कडेला, एका बोल्टच्या भोकापासून निघालेला, बोटाच्या पेराएवढा ओला पिवळा डाग होता.

"खरी भेग ही. तुमी जी पाह्यली ती भेग न्हाई, अन् जी हाय ती तुमी पाह्यली न्हाई." मग माझा चेहरा बघून सौम्यपणे म्हणाले, "मलाबी त्या दिशी दिसली नव्हती. फकस्त आवाज त्या कोपऱ्यात जरा बसका आला हुता. म्हणून थांबलो."

"मग? आता?"

"एवडीशी हाय. शिवता येतीया."

मी माप लावलं. सिलिंडर आतून खड्डे पडलेले, पण भिंत जाड होती. मोठं करून नवीन लायनर, म्हणजे आतली नळी, बसवण्याइतकी जागा होती. वरचा पृष्ठभाग सपाट होता. मी हे सगळं तिथेच, ओंडक्यावर वही ठेवून लिहिलं, दोनदा तपासून.

सोमवारी मी मॅनेजरकडे गेलो आणि सांगितलं, माझा आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे. ते खुर्चीत मागे रेलले. "चुकीचा म्हणजे?"

"म्हणजे मी घाईत लिहिला, सर. वाघमारे थांबायला सांगत होते."

मला वाटलं, आता मेमो मिळणार. त्यांनी जुना रिपोर्ट फायलीतून काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "भंगार म्हणून लिहिलेला ब्लॉक दुरुस्त होण्याजोगा निघाला, हे परवडलं. उलटं झालं असतं तर मी तुला सोडला नसता. जा. रविवारी मशिन दिलं म्हणून सांग त्याला."

भेग शिवणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भेगेवर एकाला एक खेटून बारीक भोकं पाडायची, त्यांत आटे काढायचे, तांब्याचे स्क्रू घट्ट बसवायचे, डोकी कापून वरून हळूहळू ठोकायचं. पुढचा स्क्रू मागच्याला थोडा चावला पाहिजे. सात स्क्रू लागले. नाना एकेका स्क्रूला अर्धा तास घेत होते. कुणीही त्यांना घाई केली नाही. मीही नाही.

जूनच्या सुरुवातीला इंजिन, पंपाला जोडून, विहिरीवर बसलं. पाइप कुठे न्यायचा यावर आदल्या आठवड्यात थोडी कुरबुर झाली होती. गावचा आड आटला होता, म्हणून गावातले काही जण आता वस्तीचं पाणी आपल्या आळीला नेऊ बघत होते. नानांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "नळ शाळंपाशी बसंल. तितं गावची पोरं बी जात्यात अन् वस्तीची बी." आबांनी मान डोलावली आणि विषय संपला. ज्या गावच्या आडावर मुक्ताबाईच्या सासूच्या पिढीला शिवाशिवीपायी घागर घेऊन लांब उभं राहावं लागलं होतं, तिथे हे वाक्य किती सहज बोलले ते, याची जाणीव मला घरी आल्यावर झाली.

नानांनी हँडल मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनाने काळा धूर ओकला, खोकलं, आणि धरलं. धडधड सगळ्या माळावर घुमली. मुक्ताबाईने कानांवर हात ठेवले. नाना मात्र इंजिनाकडे न बघता त्या शिवलेल्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे पाण्याचा एक थेंब दिसला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी बोटाने थेंब पुसला. इंजिन तापत होतं. पुन्हा थेंब आला. त्यांनी तो पुन्हा पुसला आणि बोट भेगेवर ठेवून वाकून उभे राहिले, किती वेळ कोण जाणे. मग बोट हळूच उचललं. कोरडं. थोडं वर, जोडाच्या पॅकिंगमधून पाणी झिरपत होतं आणि ओघळून तिथे येत होतं. नानांनी पाना घेतला, वरचा बोल्ट पाव आटा आवळला. थेंब थांबला.

तेवढ्यात शाळेकडून आरडाओरडा ऐकू आला. पाणी पोहोचलं होतं.

सगळे तिकडे धावले. नाना तिथेच विहिरीच्या काठावर बसले. चष्मा काढला, तो पुसायला फडकं शोधू लागले आणि तेलकट फडकं बघून तसाच हातात धरून बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "इन्स्पेक्टर, आज झोप लागंल बगा." बाकी काही नाही. मुक्ताबाई भरलेली घागर कमरेवर घेऊन आली, त्यांच्यापुढे ठेवली आणि आपल्या पदराने त्यांचा चष्मा पुसून दिला.

ते इंजिन पुढे सात-आठ वर्षं चाललं, गावात वीज येईपर्यंत. त्या पायऱ्यांवरून नंतर कुणी पडलं नाही.

एक्याऐंशीत नाना निवृत्त झाले आणि गयाबाईंना घेऊन करमाळ्याकडे जायला निघाले. कायमचेच. मी पिंपरीच्या स्टँडवर पोहोचवायला गेलो. दोघं खिडकीशी बसलेले, पायांशी एक वळकटी. निघायची वेळ झाली आणि एसटी सुरूच होईना. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, कंडक्टर आला, मग स्टँडवरचे चार जण आले, प्रत्येकजण काहीतरी सुचवू लागला. प्रवासी उतरून बघायला गेले. नाना जागचे हलले नाहीत. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते. नखं स्वच्छ होती.

मी खिडकीजवळ जाऊन म्हणालो, "नाना, बघत नाही का?"

"रिटायर झालो न्हवं मी."

"अहो, पण..."

"बगत्यात ती पोरं. बगू द्या." मग थोडा वेळ ऐकून, डोळे न उघडताच म्हणाले, "सुरू हुईल आता."

आणि गाडी सुरू झाली. सगळे चढले, कंडक्टरने घंटी दिली. गयाबाईंनी हात हलवला. नाना इंजिनाचा आवाज ऐकत होते, त्यांच्या तोंडावर अगदी हलकं हसू होतं, आणि गाडी वळणावर गेली तोवरही त्यांनी डोळे उघडले नव्हते.